झोपलेल्या म्हाताऱ्याचा शोक

हिंगोलीत मेलेल्या माणसाचे डोळे उघडून घ्यायचे असले, तर लोक जळबा खंदारेकडं जात.

ऐकायला हे भुताटकीचं वाटतं, पण धंदा सरळ होता. नव्वद सालाच्या आसपास खेड्यातल्या कैक माणसांनी जिवंतपणी कधी फोटोच काढलेला नसे. माणूस गेला की घाईघाईनं फोटोवाला बोलवायचा, मयताला खुर्चीत बसवायचं, फेटा बांधायचा, मागून कुणीतरी मान धरायची आणि फोटो मारायचा. त्यात मयताचे डोळे मिटलेले आणि मान धरणाऱ्याची बोटं कानामागून डोकावत असलेली. तो फोटो घेऊन घरचे लोक जळबाच्या दुकानात येत. जळबा त्यावरून तैलचित्र करायचा. बोटं पुसायचा, जन्मभर बंडीवर राहिलेल्या माणसाला कोट-टाय घालायचा आणि डोळे उघडायचा. आता उघडे डोळे आणायचे कुठून? जळबाच्या समोर त्याच दुकानात फ्रेमवाला हैदर दिवसभर काच कापत बसलेला. त्यामुळे कळमनुरीपासून सेनगावपर्यंत भिंतींवर टांगलेले कितीतरी आजोबा, पाटील आणि मास्तर थोडे थोडे हैदरच्या नजरेनं बघत.

"आधा मुलुख मेरी आँखों से देखता," हैदर म्हणायचा, "और मेरेकूच सुई में धागा नहीं दिखता."

जळबाचा हात रंगाला जितका हलका, तितकाच मारायला जड. एकदा एक पुढारी आपल्या मेलेल्या आजीचं चित्र न्यायला आला आणि म्हणाला, "पेंटर, आजीला जरा गोरी करा." जळबानं पांढऱ्या रंगाचा डबा उचलला आणि त्याच्याच डोक्यावर ओतला. म्हणाला, "आधी नातवापासून सुरू करू." त्या दिवशी दुकानाच्या दोन फळ्या आणि हैदरच्या बऱ्याच काचा फुटल्या. असं वर्षातून अधूनमधून व्हायचंच. एस. टी. डेपोच्या मागच्या त्या गल्लीत भांडण नसलं की लोक विचारत, पेंटर गावाला गेला काय?

हा माणूस मुळात असा नव्हता. निदान त्याच्या आईचं, जिवनबाईचं, तसं म्हणणं होतं. बाप हळदीच्या मार्केटात हमाल. पोरगं शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत पहिलं आलं, तेव्हा बापानं बरोबरीच्या हमालांना चहा पाजला आणि पोराला औरंगाबादच्या चित्रकलेच्या कॉलेजात घातलं.

तिथले सर जुन्या वळणाचे. चित्र हुबेहूब पाहिजे, पण हुबेहूब म्हणजे आचरट नाही, असं त्यांचं मत. दर वर्षी रचनाचित्राचा एक विषय ठरलेला असे: शोक. सर खडूची धूळ झटकत सांगायचे, "शोक उभा नसतो. तो बसतो. खांदे, केस, पदर, सगळ्या रेषा खाली वाहू द्या. एक हात कपाळाला. चेहरा अर्धा झाका. झाकलेला चेहरा जास्त रडतो. रक्त दाखवू नका, फारच वाटलं तर कोपऱ्यात तांबडं वस्त्र टाका. आणि तोंड उघडं दाखवायचं नाही. उघडं तोंड म्हणजे कॅनव्हासला पडलेलं भोक." शेवटी नेहमीचं वाक्य, "आणि उजेड डावीकडून." उजेड डावीकडून, कारण माणूस उजव्या हातानं रंगवतो. उजवीकडून आला तर आपल्याच हाताची सावली चित्रावर पडते.

शोकासाठी मॉडेल म्हणून स्टेशनवरचा एक म्हातारा आणून बसवत. त्याला पाटावर बसवून हात कपाळाला लावला की थोड्याच वेळात तो झोपी जायचा. सगळा वर्ग मग त्याची झोप रंगवायचा. सर मागून फिरत म्हणायचे, "वा! काय वेदना आहे खांद्यांत!" वेदना मधूनच घोरायची. जळबाचा शोक वर्गात सगळ्यांत सरस. त्याला त्या म्हाताऱ्याच्या मानेची, मनगटाची, घसरलेल्या खांद्याची रेघ न् रेघ पाठ झाली. पुढं डोळे मिटूनही त्याला ते काढता यायचं.

शोकाला बक्षीस मिळालं त्याच वर्षी मार्केटात हळदीच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि तिच्याखाली त्याचा बाप गेला.

जळबा पोचला तेव्हा बापाला बाजूला काढून ठेवलं होतं. पण गर्दी बापाभोवती नव्हती, जिवनबाईभोवती होती. तिनं पदर कमरेला खोचला होता, हातात नवऱ्याचा पोती ओढायचा लोखंडी आकडा होता, आणि ती थप्पी फाडत होती. पोत्यामागून पोतं. हळद भळाभळा सांडत होती, तिच्या केसांत, डोळ्यांत, उघड्या तोंडात. जो आडवा येईल त्याच्यावर आकडा. एका मुनिमाची मांडी तिनं फाडली होती आणि तो पिवळ्या हळदीत तांबडा होऊन लोळत होता. जळबानं तिला मागून मिठी मारली, तर तिनं न बघताच त्याच्या दंडात आकडा रुतवला. मग वळून बघितलं, पोराला ओळखलं, आणि आकडा ओढून काढून पुन्हा थप्पीकडं गेली.

जळबा कॉलेजात परत गेला नाही. दंडावरचा वण मात्र राहिला. त्यानं आईचं ते चित्र काढायला बऱ्याचदा घेतलं. पण कोळसा कागदाला लागला की आई खाली बसायची. खांदे घसरायचे, हात कपाळाला जायचा. त्यानं कागद फाडले, बोर्डं रंगवायला घेतली, आणि मेलेल्यांचे डोळे उघडायच्या धंद्याला लागला. मारकुटेपणा तिथून सुरू झाला म्हणतात. खरं-खोटं जिवनबाई जाणे.

मग भिकाबाई आली.

पुसेगावच्या भिकाबाईचं नाव तेव्हा सगळ्या तालुक्याला माहीत झालं होतं. तिच्या दिरानं, गुलाबसिंगानं, तिच्या पोराला, रतनसिंगाला, कुऱ्हाडीनं तोडलं होतं. दोघांची विहीर सामाईक. पाण्याची पाळी कुणाची यावरून भल्या सकाळी बोलाचाली झाली आणि दुपारच्या आत रतनसिंग विहिरीच्या धावेवर, मोटेच्या उतारावर, उताणा पडला. पण गुलाबसिंग जामिनावर मोकळा फिरत होता. कारण त्याचा एक कान गेला होता. त्याचं म्हणणं, "पोरानं आधी अंगावर येऊन माझा कान दातानं तोडला. म्या जीव वाचवायला कुऱ्हाड उचलली." कान खरंच नव्हता. डॉक्टरनंही तो दातानं तुटल्याचं सांगितलं होतं. साक्षीदार म्हणजे भाऊबंदच, ते एकेक करून गप्प होत चालले होते.

भिकाबाईनं पोलिसांच्या फोटोवाल्याकडून मिळवलेला फोटो जळबासमोर ठेवला. रतनसिंग धावेवर पडलेला. कपाळापासून गालापर्यंत उघडा. हैदरनं एकदा बघितलं आणि काच कापायचा हिरा खाली ठेवला.

"डोळे उघडून देतो, ताई," जळबा म्हणाला. "ही जखमही बुजवतो. कोट पायजे का सदरा?"

"काही उघडू नको अन काही बुजवू नको. हाय तसा काढ."

"तसा म्हंजे? मेलेला?"

"मेलेला. जिता मला ठाऊक हाय. लोकाला मेलेला ठाऊक पायजे." ती पदर तोंडाशी धरून बोलत होती, शब्द पदरातून गाळून येत होते. "वर्षाचं जेवण हाय. वसरीत टांगायचंय. समोरच्या दारातून दिसलं पायजे."

समोरचं दार गुलाबसिंगाचं. दोन घरांचं अंगण एकच. आणि त्यांच्या घराण्याची रीत अशी, की वर्षाच्या जेवणाला भाऊबंदांनी पहिला घास घेतल्याशिवाय मेलेल्याचं वर्ष निघत नाही. मग तो भाऊबंद खुनी का असेना. गुलाबसिंगाला पाटावर बसावंच लागणार होतं. नाही बसला, तर अख्खा गाव म्हणणार, मन खातंय त्याला.

"कोर्टात काय म्हणतेत ठाऊक हाय का?" भिकाबाई म्हणाली. "म्हणतेत, माझं पोरगं आधी चावलं. चावरं कुत्रं असल्यावाणी. त्येला मारल्याचं येक दुख हाय, पेंटर. पर चावरं म्हणून मारलं, हे मी जाऊ देणार न्हाई."

"मग तुमी काय सांगितलं कोर्टात?"

"वकील म्हणला, बोलू नको. पदर घे, खाली बस, कपाळाला हात लाव अन रड. आईनं रडलेलं बरं दिसतं."

जळबाला वाटलं, वकील चित्रकलेच्या कॉलेजात होता की काय. पण त्यानं भिकाबाईकडं पाहिलं तर तीही तशीच दिसत होती: पदर तोंडावर, चेहरा अर्धा झाकलेला. सरांनी सांगितलेला शोक असा चालत दुकानात आलेला त्यानं पहिल्यांदाच पाहिला. त्यानं काम घेतलं.

बातमी पुसेगावात पोचायला कितीसा वेळ. आठवडी बाजाराच्या दिवशी गुलाबसिंग दुकानात आला. वैशाखाचं ऊन, डांबर चपलेला चिकटून राहिलेलं, आणि याच्या डोक्याभोवती गळ्यापर्यंत लोकरीचा मफलर.

"थंडी वाजून राहिली का, मामा?" जळबानं विचारलं.

गुलाबसिंग हसला. मोठ्या मायेनं बोलायला लागला. "रतन आमच्याच घरचं लेकरू. हातावर खेळवलंय म्या त्येला. तर त्येचं चित्र चांगलं हसतं काढा. डोळे उघडे. पैका मी देतो. वहिनीचं डोकं ठिकाणावर न्हाई."

"चित्र त्यांनी सांगितलंय."

"व्हय. अन दुकान तुझं हाय." एवढं बोलून त्यानं हैदरनं नुकतीच कापून उभी केलेली काच कोपरानं ढकलली. ती फुटली. मग दुसरी. मग सगळ्यात मोठा तुकडा उचलून त्यानं जळबाच्या गळ्याजवळ, सदऱ्याच्या वरच्या गुंडीवर, हळूच टेकवला. "मयताचे डोळे उघडतो म्हणं तू. तुझे मिटायला किती टाइम लागतो?"

जळबानं त्याच्या नाकावर डोकं हाणलं. नाकातून रक्त आलं, काच जळबाच्या हनुवटीवरून घसरत गेली, हैदरनं दोघांच्या मध्ये फ्रेमची पट्टी घातली. गुलाबसिंग नाक धरून निघून गेला, पण इतक्या धुमश्चक्रीत त्यानं एक हात मफलरवरून हलवला नव्हता.

"कान बचाके लडता," हैदर काचा गोळा करत म्हणाला. "एकच बचा है ना."

आता खरं सांगायचं तर जळबा मारामारीला भ्याला नाही, पण चित्रात भ्याला. त्यानं मधला रस्ता काढला. मोठा कॅनव्हास ताणला. रतनसिंग पांढऱ्या कापडावर निजलेला, जखमेची बाजू सावलीत. कोपऱ्यात तांबडी घोंगडी. शेजारी भिकाबाई बसलेली, खांदे घसरलेले, पदर ओघळलेला, हात कपाळाला. उजेड डावीकडून. चित्र असं उतरलं की डेपोतले कंडक्टर डब्बा खायचं सोडून बघायला आले. हैदरनं त्याला सोनेरी फ्रेम चढवली, वर काच बसवली, आणि बराच वेळ काही चेष्टाच केली नाही. जळबाला वाटलं, जमलं.

भिकाबाई आली. उभी राहिली. बघत राहिली.

"ही कोण?"

"तुमीच की, ताई."

"झोपली का काय ही?"

 जळबानं चित्राकडं बघितलं आणि त्याला पदराखाली तो स्टेशनवरचा म्हातारा दिसला. तीच मान, तेच मनगट, तोच घसरलेला खांदा. एवढी वर्षं गेली, म्हातारा अजून झोपलेलाच होता.

"माझं पोरगं तुटून पडलंय अन मी झोपले?" भिकाबाईनं हैदरच्या पुढ्यातली हातोडी उचलली. पहिल्या घावाला काच गेली, दुसऱ्याला फ्रेम. तिसरा जळबाच्या खांद्यावर आला, कारण तो मध्ये पडला होता. चौथा हैदरनं हुकवला. ज्या माणसानं गल्लीतल्या निम्म्या लोकांना मारलं होतं, तो भिंतीला टेकून एका बाईचा मार खात होता आणि हात उचलत नव्हता. हैदर म्हणतो, त्यानं तो मार असा घेतला, जसा मागची बाकी फेडत होता.

मारता मारता पदर सुटला. जळबाला तिचं तोंड दिसलं. समोरचे दात नव्हते. वरचा ओठ मधोमध चिरून वेडावाकडा सांधला होता.

"दात काय झाले, ताई?"

भिकाबाईनं हातोडी टाकली. ती पदर घ्यायला गेली आणि थांबली. मग पदर न घेताच म्हणाली, "त्येचा कान म्या तोडला."

हैदरनं हातोडी उचलून बाजूला ठेवली.

"मी भाकर घेऊन गेलते. पोरगं पडलेलं. हा कुऱ्हाड ओढत व्हता त्येच्यातून. मग मला काय ठावं न्हाई. तोंडात खारट लागलं. ह्येची बायकू, मिरा, मला वढीत व्हती, मी सुटंना, तवा तिनं तोंडावर तांब्या हाणला, अन हाणला. दात माझे तिथंच पडले, विहिरीवर." तिनं श्वास घेतला. "वकिलाला सांगितलं, तर म्हणला, हे बोलशील तर तुझ्यावरच केस. लोक म्हणतील, ही आई हाय का डाकीण? रतनच्या पाठची शीतल हाय घरात. मी आत गेले तर तिच्याकडं कोण बघंल? म्हणून पदर धरून बसले वर्षभर. अन पोरगं चावरं झालं."

जळबा खाली फुटक्या काचेत बसला. त्याला मार्केट दिसलं, पिवळी धूळ दिसली. दंडावरचा वण त्यानं सदऱ्यावरून दाबून धरला.

"तसंच काढू का?" त्यानं विचारलं.

हैदर म्हणाला, "भाभी, सोच के. वो तस्वीर नहीं, वो इकबाल है, गुन्ह्याची कबुली. टांगली की तुम्ही बोलून बसल्या."

भिकाबाईनं सुटलेला पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "शीतलला विचारलं परवा. ती म्हणली, आये, माझा भाऊ चावरा नव्हता."

जळबानं दुकान आतून लावून घेतलं आणि नवा कॅनव्हास घेतला. या वेळी बाई खाली बसली नाही. बसायला लागली की तो स्वतःच्या दंडावर चिमटा काढायचा. रतनसिंग खाली, फोटोत होता तसा, उघडा. त्याच्यावर पाय रोवून गुलाबसिंग, हातात कुऱ्हाड. आणि त्याला भिडलेली भिकाबाई, केस सुटलेले, तोंड उघडं, दात कानात, ओठांवरून रक्त. सर बघते तर म्हणाले असते, जळबा, कॅनव्हासला भोक पाडलंस.

पण सवय ही वाईट गोष्ट. माणूस सगळं मोडेल, पण हाताचं वळण मोडत नाही. चित्रात बाईचं तोंड उजेडात यायला हवं होतं आणि उजेड डावीकडून आला. म्हणून त्यानं गुलाबसिंगाला पाठमोरा केला आणि भिकाबाईला त्याच्या समोरून आणलं. तिचं तोंड डावीकडं, उजेडात. साहजिकच तिच्या दातांत आला तो त्याचा डावा कान. गुलाबसिंगाचा खरा कोणता कान गेलाय हे जळबानं पाहिलंच नव्हतं, आणि विचारायचं त्याला सुचलंही नाही. भिकाबाईनं चित्र पाहिलं तेव्हा तिनं डावं-उजवं काही पाहिलं नाही. तिनं तोंड पाहिलं. बोटानं हवेत त्या तोंडाची रेघ काढली आणि म्हणाली, "ही मी हाय."

वर्षाच्या जेवणाला अंगणात मांडव. जळबा आणि हैदर टेम्पोतून चित्र घेऊन गेले, वसरीच्या भिंतीला टांगलं, वर चादर टाकली. भाऊबंद पंगतीला बसले, सरपंच, पोलीस पाटील, सोयरे. पहिल्या पाटावर गुलाबसिंग, मफलर घट्ट. त्याची बायको मिराबाई वाढायला उभी. मांडवाच्या कडेला चुलवण, शेजारी फोडलेली लाकडं आणि त्यांत रुतवून ठेवलेली कुऱ्हाड.

भिकाबाईनं चादर ओढली.

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. एका म्हातारीनं तोंडात पदर कोंबला. सोयऱ्यांतल्या कुणीतरी हळूच म्हटलं, "अगं माय, ही तर चावून राहिली," आणि मागच्या पंगतीत एक तरणं पोरगं फिस्सकन हसलं. ते हसणं भोवलं.

गुलाबसिंग उठला. वर्षभर त्यानं गावाला सांगितलं होतं की मर्दासारखा मर्द अंगावर आला, कान तोडला, म्हणून मारला. आता भिंतीवर एक बाई त्याला समोरासमोर येऊन चावत होती आणि लोक हसत होते. भर पंगतीत त्याला काय बोलावं हे सुचलं नाही. सुचलं ते इतकंच, की चित्र चुकलंय.

"खोटं हाय हे!" तो ओरडला. "समोरून? समोरून यायची छाती व्हती का हिची? पोरगं पडलं, मी कुऱ्हाड काढाया वाकलो, तवा मागून पाठीवर पडली ही! चोरावाणी!" त्यानं मफलर ओरबाडून फेकला. "अन कान डावा न्हवं, उजवा! ह्यो बघा! उजवा! काय पेंटर हायेस तू, बारा गावचा भिकारी!"

 पोलीस पाटलाचा घास हातातच राहिला.

मग मिराबाई बोलली. ती हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवत म्हणाली, "व्हय. पोरगं आधी पडलं व्हतं."

तेव्हा गुलाबसिंगाला कळलं आपण काय बोललो ते. त्यानं चुलवणाजवळची कुऱ्हाड उपसली. लोकांना वाटलं भिकाबाईवर जाईल, मिराबाईवर जाईल. तो चित्रावर गेला. आणि जळबा, ज्याला कुणी मध्ये यायला सांगितलं नव्हतं, जो दाराशी उभा राहून सटकू शकला असता, तो मध्ये पडला. हनुवटीची जखम पुरती भरली नव्हती, तरी पडला. त्यानं उजव्या हातानं फ्रेम धरली, डाव्यानं गुलाबसिंगाचा गळा. कुऱ्हाड काचेतून, कॅनव्हासमधून आणि जळबाच्या उजव्या पंज्यातून आरपार गेली. रंगवलेल्या रक्तावर खरं रक्त सांडलं, आणि हैदर अजून सांगतो की खरं फिकं दिसत होतं.

दुसरा घाव उचलला गेला, पण पडला नाही. भिकाबाई त्याच्या पाठीवर होती. या वेळी मिराबाई तांब्या घेऊन धावली नाही. ती पातेल्याजवळ बसून राहिली, पदर सावरत. लोकांनी भिकाबाईला ओढून काढेपर्यंत गुलाबसिंगाचा डावा कानही चित्रातल्यासारखा झाला होता.

पुढं पोलिसांनी पंचनामा केला, त्यात चित्रही लिहावं लागलं. हवालदार बराच वेळ पेन चावत बसला आणि शेवटी म्हणाला, "पेंटर, ह्याला काय म्हणायचं?" जळबा हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत म्हणाला, "शोक लिहा." हवालदारानं "भांडणाचे चित्र" लिहिलं.

भिकाबाई कोर्टात उभी राहिली ती डोक्यावर पदर घेऊन, पण तोंड उघडं ठेवून. वकिलानं खुणा केल्या, खाली बस म्हणून. ती बसली नाही. दात कुठं पडले ते सांगितलं, का पडले ते सांगितलं. मिराबाईनं तिच्यामागून येऊन तांब्याचं सांगितलं. गुलाबसिंगाला जन्मठेप झाली. दोन्ही कानांबद्दल भिकाबाईवरही केस झाली आणि तिला काही महिने आत राहावं लागलं. तेवढे दिवस शीतल मिराबाईच्या चुलीवर जेवली. या घराण्याचं हे कुणाला कळलं नाही, पण समजून घ्यायला कुणी गेलंही नाही. चित्र सांधून देतो म्हणून जळबानं निरोप पाठवला होता. भिकाबाईनं उलटा निरोप दिला, चिरलंय तेच बरं हाय.

जळबाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली. हैदर म्हणाला, "मियाँ, आता मारामारी बंद. अंगठा छापच राहिलास." जळबानं डाव्या हातानं त्याच्या कानाखाली वाजवली, आणि दोघांनाही समजलं की डावा हात चालतो. मग तो डाव्यानं रंगवायला शिकला. आणि तेव्हा कळलं की डावऱ्याला उजेड डावीकडून चालत नाही, हाताची सावली पडते. पाट, ईझल, खिडकी, सगळं फिरवून घ्यावं लागलं. आयुष्यभराचा उजेड उजवीकडं गेला.

हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मग फ्लेक्स आला. मेलेली माणसं छापूनच यायला लागली, डोळे आपोआप उघडे, चेहरे आपोआप गोरे. जळबाच्या दुकानात आता हैदर फ्रेमांऐवजी ॲल्युमिनियमच्या खिडक्या करत होता. काम नव्हतं. रिकाम्या हातानं एक दिवस जळबानं कॅनव्हास ताणला आणि कोळसा डाव्या हातात धरला. डाव्या हाताला तो म्हातारा ठाऊक नव्हता. त्यानं कधी कुणाची झोप पाठ केली नव्हती.

चित्र पुरं झालं तेव्हा त्यानं जिवनबाईला रिक्षात घालून दुकानात आणलं. ती आता वाकली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू. हैदरनं तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. समोर पिवळ्या धुळीत एक बाई उभी होती, पदर खोचलेला, तोंड उघडं, हातात आकडा, पोतं फाटलेलं, आणि मागं एक पोरगं दंड धरून उभं.

जिवनबाई जवळ गेली. एका डोळ्यानं, मान तिरपी करून, बघत राहिली. हैदर काच कापायचा थांबला.

"आकडा यवढा बारका न्हवता," ती म्हणाली.

"मोठा करतो, आई."

"कर." तिनं पोराचा दंड चाचपला, वण सापडेपर्यंत. "अन त्या मुनिमाला काहून गाळलं? त्यालाही घे."